दुधाच्या दाढेतलं सिमेंट पुन्हा पुन्हा पडतं; मग नक्की कोणतं मटेरियल नीट सील करतं?

ताई, इतर वाचकांसाठी तुमची अडचण आधी थोडक्यात मांडते. मुलगी साडेपाच वर्षांची. खालच्या डाव्या बाजूला पहिली आणि दुसरी दाढ जिथे एकमेकींना टेकतात, तिथे पहिल्या दाढेला कीड लागली आहे. वर्षभरात दोनदा पांढरं सिमेंट भरलं आणि दोन्ही वेळा तुकडा पडला. आता एक डॉक्टर कॉम्पोझिट (लाइटने घट्ट होणारं, दाताच्या रंगाचं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं मटेरियल) भरू म्हणतात, दुसरे स्टीलची कॅप. दरम्यान तुम्ही नेटवर एका अभ्यासाचा सारांश वाचलात. त्यात एका मटेरियलच्या कडेने 'सर्वांत कमी गळती' झाल्याचं लिहिलं होतं. तेच भरून घ्यावं, की पडणारेच दात म्हणून सोडून द्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत आधी सांगते. या जागेला, या वयात, आतली नस शाबूत असेल तर कॅप. कारण सांगायला वेळ लागेल, पण ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी 'नवीन मटेरियल आलंय' म्हणालं तर काय विचारायचं ते कळेल.

दाढेच्या वरच्या खाचेत कीड असेल तर भोकाला चारही बाजूंनी भिंती असतात. दोन दाढांच्या मधल्या किडीत एक भिंत गेलेली असते. तिथे मटेरियलला भोक तर भरायचं असतंच, शिवाय गेलेली भिंत उभी करून तिच्यावर चावण्याचा भारही पेलायचा असतो. मुलांचे दात भरताना मटेरियलच्या नावापेक्षा हा फरक कितीतरी पटीने महत्त्वाचा आहे. 'एआरटी' नावाची एक पद्धत आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यात टांझानियात यो फ्रेंकेन यांनी ती सुरू केली. वीज नको, ड्रिल नको, हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. अशा भरणांचे जगभरातले निकाल २०१२मध्ये एकत्र मांडले गेले. दुधाच्या दातांत एका बाजूचं भरण दोन वर्षांनी ९३ टक्के टिकून होतं. दोन किंवा जास्त बाजूंचं फक्त ६२ टक्के. सिमेंट तेच, पद्धत तीच, बदलली ती जागा. तुमच्या मुलीचं सिमेंट दोनदा पडलं यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आता गळतीचं बघू. भरण आणि दात यांच्यामधल्या सांध्यातून लाळ, त्यात विरघळलेली साखर आणि जंतू आत झिरपतात, त्याला आम्ही मायक्रोलीकेज म्हणतो. पावसाळ्यात गच्ची गळते ती स्लॅबच्या मधोमध क्वचितच, बहुतेक वेळा पॅरापेटच्या सांध्यातून, इथेही तसंच. मटेरियल कितीही कठीण असो, प्रश्न कडेचा असतो. शंभर टक्के बंद कड कुठल्याच मटेरियलला साधत नाही. कीड लावणारा जंतू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याला पुरेशी फट बहुतेक भरणांच्या कडेला कुठे ना कुठे सापडतेच.

तरी बहुतेक भरणं टिकतात. याचं कारण असं, की जंतू आत असणं आणि कीड वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतूला साखर मिळाली तरच तो आम्ल तयार करतो. बाहेरून रसद तोडली की आतली कीड थांबते. अमेरिकेत मर्ट्झ-फेअरहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाढांच्या खाचांतली कीड मुद्दाम आत ठेवून वर कॉम्पोझिट आणि सीलंटने (खाचा बंद करणाऱ्या पातळ लेपाने) बंद केली आणि दहा वर्षं पाठपुरावा केला. १९९८मध्ये निकाल छापून आले. सील टिकलं होतं तिथे कीड पुढे सरकली नव्हती. ते कायमचे दात होते, पण मुलांच्या दातांवर आज आम्ही जे करतो त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पाया तिथे आहे. पूर्वी 'कीड पूर्ण काढा, दात खणखणीत लागेपर्यंत काढा' असं शिकवत. आता नसेच्या जवळची थोडी ओलसर, चामट कीड आम्ही ठेवतो, पण कडा मात्र स्वच्छ आणि कठीण करून घेतो. सील कडेलाच होतं, मधे नाही.

दुधाच्या दाढेची कड अवघड असते. एनॅमलची, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाची जाडी कायमच्या दातापेक्षा निम्मी, जेमतेम एक मिलिमीटर. त्याचा बाहेरचा थर वेगळ्या रचनेचा असतो, त्यावर आम्ल लावून खडबडीतपणा आणायचा म्हटलं तर तो नीट येत नाही. नस मोठी आणि तिची टोकं वरपर्यंत आलेली, त्यामुळे खोल खणून पकड घ्यायला जागा नाही. दोन दाढा एकमेकींना एका बिंदूत टेकत नाहीत, चांगल्या रुंद पट्ट्यात टेकतात. म्हणून कीड लागते ती दिसत नाही आणि दिसते तेव्हा भोकाची खालची कड हिरडीपर्यंत गेलेली असते. तिथे एनॅमल नावापुरतं, हिरडीतून रक्त, लाळ, मधेच येणारी जीभ. आणि साडेपाच वर्षांचं मूल, जे चौथ्या मिनिटाला 'झालं का?' विचारतं. गळती सुरू होते ती जवळजवळ नेहमी या खालच्या कडेला.

आता एकेक मटेरियल.

तुमच्या मुलीला भरलेलं पांढरं सिमेंट म्हणजे ग्लास आयोनोमर, आमच्या भाषेत जीआयसी. विल्सन आणि केंट यांनी लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ते तयार केलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते जगासमोर आलं. त्याचा मोठा गुण असा, की ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक रीतीने जुळतं. वेगळा गोंद लागत नाही. चहा-आइस्क्रीमच्या तापमानाने त्याचं फुगणं-आकसणं जवळजवळ दाताएवढंच असतं, म्हणून कड ओढली जात नाही. थोडा ओलावा चालतो. फ्लोराइड सोडतं, पण त्याचं कौतुक जरा जास्तच होतं. पहिल्या दिवस-दोन दिवसांत भरपूर सुटतं, मग धार बारीक होते. कमकुवत बाजू एकच, ताकद. ते ठिसूळ आहे आणि दोन दाढांच्या मधली भिंत म्हणून उभं केलं की चावताना तडकतं.

'पडलं' म्हणजे नक्की काय झालं, हे बघण्यासारखं असतं. जीआयसी बहुतेक वेळा दातापासून सुटत नाही, स्वतःच्या अंगातून तुटतं. वरचा तुकडा जातो आणि भोकाच्या तळाला पातळ थर चिकटून राहतो. बाहेरून भोक उघडं दिसतं, पण तळ झाकलेला असतो. म्हणून दोनदा पडूनही मुलीला ठणका लागला नाही, हे तुम्ही लिहिलंय, ते पटण्यासारखं आहे. पण त्यावर विसंबून राहू नका.

जीआयसीचं नशीब बरंचसं ते कालवणाऱ्याच्या हातात असतं. पावडर आणि द्रव यांचं प्रमाण ठरलेलं आहे, पण पावडर थोडी कमी घेतली की सिमेंट मऊसूत होतं, भरायला सोपं जातं आणि ताकद मात्र घसरते. घाईच्या ओपीडीत हे सर्रास होतं. कॅप्सूलमध्ये प्रमाण बांधलेलं असतं, म्हणून परवडत असेल तर कॅप्सूल. दाट प्रकारचं, ज्याला आमच्यात टाइप नाइन म्हणतात, ते मुलांच्या दाढांसाठी. पातळ, कॅप चिकटवायचं ते वेगळं. भरण्याआधी पॉलिअॅक्रिलिक आम्ल दहा-वीस सेकंद लावून धुतलं की पकड सुधारते. भरल्यावर वर व्हॅसलिन किंवा वार्निश लावायचं, कारण सुरुवातीच्या तासांत त्याला पाणी जास्त झालं तरी वाईट आणि कोरडं पडलं तरी वाईट. पुढच्या वेळी यातलं काय केलं ते डॉक्टरांना विचारा. कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तर तेही एक उत्तरच आहे.

जीआयसीत थोडं रेझिन मिसळून लाइटने घट्ट होणारा प्रकारही आहे. तो सेकंदांत सेट होतो, ताकद जास्त, कड बरी बसते. दोन बाजूंचं लहान भोक असेल आणि काही कारणाने कॅप नको असेल, तर माझी दुसरी पसंती हीच.

कॉम्पोझिट. योग्य परिस्थितीत एनॅमलच्या कडेला याच्याएवढं सील दुसऱ्या कशाचंच होत नाही. १९५५मध्ये बुओनोकोर यांनी एनॅमलला आम्ल लावून रेझिन चिकटवता येतं हे दाखवलं, तिथून हा सगळा पसारा. पण योग्य परिस्थिती म्हणजे हाडासारखं कोरडं. आम्ल लावून धुतलेल्या पृष्ठभागावर लाळेचा एक थेंब गेला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा लागतो, आणि तो नीट बसवायचा तर बहुतेक वेळा इंजेक्शन. दुसरं, लाइट मारल्यावर कॉम्पोझिट दोन-तीन टक्क्यांनी आकसतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आकसताना ते सर्वांत कमजोर कडेपासून सुटतं, आणि सर्वांत कमजोर कड म्हणजे तीच हिरडीजवळची. दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊन हे कमी करता येतं. बल्क-फिल प्रकारात चार मिलिमीटर एकदम भरता येतात. शिवाय गरम-थंडाने कॉम्पोझिटचं फुगणं-आकसणंही दाताच्या दोन-चार पट असतं. मूल शांत, तोंड मोठं उघडणारं, हिरडी निरोगी, भोक लहान, अशा वेळी मीही कॉम्पोझिट भरते. रडणाऱ्या मुलाच्या रक्ताळलेल्या हिरडीशेजारी भरलेलं कॉम्पोझिट पहिल्या दिवशी सुंदर दिसतं, एवढंच त्याचं भांडवल.

कॉम्पोमर हा जीआयसी आणि कॉम्पोझिट यांच्या मधला. त्यात निळे-गुलाबी, चकाकणारे रंग मिळतात आणि मुलं त्यावर खूश असतात. रंग निवडायला दिला की मूल खुर्चीत बसायला तयार होतं, हा त्याचा खरा वैद्यकीय उपयोग म्हणायचा! सील कॉम्पोझिटच्या आसपास, कोरडेपणाची अटही तीच.

तुमच्या सासूबाईंनी सुचवलेली चांदी, म्हणजे अॅमलगम. तिच्या बाजूने एक गंमतशीर गोष्ट होती. ती दाताला चिकटत नाही, भरल्यावर सुरुवातीला गळतेच. पण हळूहळू गंजते आणि तो गंज फटीत साचून कड बंद करतो. वय वाढेल तसं सील सुधारणारं हे एकच मटेरियल. पण त्यात पारा आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाटा कराराच्या सदस्य देशांनी मार्च २०२२मध्ये बालीत ठरवलं, की दुधाच्या दातांत आणि १५ वर्षांखालच्या मुलांत अॅमलगम वापरू देऊ नये किंवा वापरू नये अशी शिफारस करावी. भारत या करारात आहे. त्यामुळे हा पर्याय सोडून द्या.

आता तुम्ही वाचलेल्या अभ्यासाकडे. मी तो विशिष्ट अभ्यास पाहिलेला नाही, पण या जातीचे अभ्यास कसे होतात ते सांगते, कारण पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ते दरवर्षी होतात. काढलेले किंवा पडलेले दात गोळा करायचे. बहुधा निरोगी बाजूला, एकसारख्या मापाचं भोक पाडायचं. गटागटांत वेगवेगळी मटेरियल्स भरायची. मग दात ५ अंश आणि ५५ अंशांच्या पाण्यात शेकडो वेळा आलटून पालटून बुडवायचे, म्हणजे तोंडातल्या गरम-थंडाची नक्कल. नंतर मिथिलिन ब्लू किंवा तत्सम रंगात ठेवायचे, मधोमध कापायचे आणि रंग कुठवर शिरला ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून शून्य ते तीन असे गुण द्यायचे.

हे काम निरर्थक नाही. एखादं मटेरियल टेबलावरच पार गळत असेल तर तोंडात ते टिकणार नाही, एवढं त्यातून कळतं. पण त्यावरून क्रमवारी लावून घरी नेऊ नये. टेबलावरच्या दाताला लाळ नसते, जीभ नसते, रक्त नसतं, रडणं नसतं. त्यामुळे ज्या मटेरियलला कोरडेपणा लागतो त्याला तिथे फुकटचा फायदा मिळतो. उलट जीआयसीला तोटा: दात कापण्याच्या, वाळण्याच्या खटाटोपात ते सुकून तडकतं आणि रंग त्या तड्यातून आत जातो. शिवाय रंगाचा कण जंतूच्या साधारण हजारपट लहान असतो. जिथून रंग जाईल तिथून जंतू जाईलच असं नाही. आणि भोक निरोगी दातात पाडलेलं, म्हणजे कीड लागलेल्या मऊ डेन्टिनला (एनॅमलच्या आतल्या थराला) चिकटण्याची परीक्षा त्यात होतच नाही. एका प्रयोगशाळेत पहिलं आलेलं मटेरियल दुसरीकडे तिसरं येतं, ते यामुळेच.

म्हणून मी खऱ्या मुलांच्या तोंडातले निकाल बघते, आणि इथे कॅप पुढे येते. स्कॉटलंडमध्ये नॉर्ना हॉल नावाच्या दंतवैद्य १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून एक उद्योग करत होत्या: ना इंजेक्शन, ना ड्रिल, ना कीड खरवडणं, योग्य मापाची स्टीलची कॅप घ्यायची, त्यात जीआयसी भरायचं आणि ती किडलेल्या दाढेवर दाबून बसवायची. ऐकताना आपल्याकडच्या डॉक्टरांच्याही भुवया वर जातात. पण मग निकोला इनेस आणि सहकाऱ्यांनी टेसाइड भागात रीतसर चाचणी घेतली. १३२ मुलं, प्रत्येकाच्या एका दाढेवर हॉलची कॅप, दुसऱ्या दाढेत नेहमीचं भरण. पाच वर्षांनी नसेला सूज, पू असे मोठे बिघाड कॅपखाली ३ टक्के, भरणाखाली १६.५ टक्के. भरण निखळणं, नवी कीड असे छोटे बिघाड ५ टक्के विरुद्ध ४२ टक्के. कीड सगळी आतच होती, हे लक्षात घ्या. कॅपची कड दाढेच्या कमरेखाली, हिरडीच्या आत जाते; त्या ओल्या, रक्ताळलेल्या जागेत चिकटवण्याची कसरतच उरत नाही, आणि भिंत उभी करायचा प्रश्नही मिटतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रिटनमध्येच ३ ते ७ वर्षांच्या ११४४ मुलांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०२०मध्ये आले. एका गटात नेहमीचं भरण, दुसऱ्यात कीड आत ठेवून सील, तिसऱ्यात फक्त प्रतिबंधक उपाय. दातदुखी किंवा पू होण्याचं प्रमाण अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के. म्हणजे फरक नसल्यातच जमा. एका दाढेवर कॅप उत्तम चालते, पण तोंडात किडीची परिस्थिती तशीच राहिली तर दुसरी दाढ दुखायला लागते. झोपताना बाटलीतलं दूध, दिवसभर थोडं थोडं बिस्किट, हे सुरू असेल तर मी लावलेली कॅप ती एक दाढ वाचवेल, बाकीच्या एकोणीस दातांचं काय?

तुमच्या मुलीसाठी पहिलं पाऊल म्हणजे एक्स-रे, छोटा, दातांनी चावून धरायचा. कीड आणि नस यांच्यामध्ये डेन्टिनचा स्पष्ट पट्टा दिसायला हवा. तो दिसला, रात्रीचा ठणका नसला, हिरडीवर फोड नसला, तर हॉलची कॅप. दाढेची वरची कड अर्ध्याहून जास्त ढासळली असेल तर नसेपर्यंत सूज पोचल्याची शक्यता बरीच वाढते. मग आधी नसेचा वरचा भाग काढून औषध भरावं लागतं, त्यावर पुन्हा कॅपच. नसेची ट्रीटमेंट करून वर नुसतं सिमेंट ठेवणं म्हणजे सगळा खर्च पाण्यात, कारण तिथे वरून गळती झाली की खालचं औषध वाया जातं.

कॅप बसवण्याआधी दाढांमध्ये छोटे रबर तीन-चार दिवस ठेवतात, म्हणजे जागा होते. बसवताना मुलीला दाबल्यासारखं वाटेल, हिरडी पांढरी पडेल, नंतर चावताना दाढ उंच लागेल. काही आठवड्यांत चावा आपोआप जुळतो. घाबरून कॅप घासून घेऊ नका. ती रुपेरी दिसते, ही तक्रार आजी-आजोबांची जास्त, मुलांची कमी. पांढरी झिर्कोनियाची कॅप मिळते, पण ती लवचीक नाही, त्यामुळे दात सगळीकडून बराच घासावा लागतो, रक्त आलं तर चिकटणं बिघडतं आणि खर्च कितीतरी जास्त. मागच्या दाढेसाठी मी ती क्वचितच सुचवते.

'पडणारेच दात' म्हणाल तर ही पहिली दाढ ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान पडते, तिच्या मागची १० ते १२ला. म्हणजे या दाढेला अजून साडेतीन ते साडेपाच वर्षं काम आहे. ती लवकर काढावी लागली तर मागच्या दाढा पुढे सरकतात आणि खाली तयार होणाऱ्या दाताची जागा जाते.

कॅप असो वा भरण, शेजारच्या दाढेची टेकणारी बाजू नीट बघून घ्यायला सांगा. पहिल्या दाढेच्या मागच्या बाजूला भोक असेल तर दुसऱ्या दाढेच्या पुढच्या बाजूला निदान सुरुवात झालेली असतेच, असं समजून चालावं. रबर ठेवल्यावर मधे फट होते, तेव्हा ती स्वच्छ दिसते. त्याच वेळी तिथे फ्लोराइड वार्निश लावून घ्या. रोज रात्री या दोन दाढांमध्ये तुम्ही स्वतः फ्लॉस फिरवा, मुलीवर सोपवू नका. पेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची, वाटाण्याएवढी.

वर्षभरात मुलीच्या दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ डोकावेल. बरेच पालक तिला दुधाची समजतात, कारण तिच्यासाठी एकही दात पडलेला नसतो. तिच्या खाचा खोल असतात आणि ती पूर्ण बाहेर यायला महिने लागतात. अर्धी बाहेर असताना तिच्यावर हिरडीची झालर असते आणि कोरडं ठेवता येत नाही, म्हणून तेव्हा जीआयसीचं तात्पुरतं सीलंट लावतात. पूर्ण आली की त्याजागी रेझिनचं. कॅपच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना तिथेही आरसा फिरवायला सांगा.